तीन फुटी टँक आणि तापट मासा

मासे पाळायचं मनात घेऊन दुकानात शिरलेल्या माणसाची नजर गप्पी आणि टेट्रांच्या थव्यांवरून फिरत फिरत कोपऱ्यातल्या एखाद्या टँकवर खिळते. तिथला मासा काचेपाशी येतो, थांबतो आणि सरळ आपल्याकडे बघतो. काचेवर बोट फिरवलं तर बोटाच्या मागे जातो. शेजारून दुसरा मासा गेला तर कल्ले फुगवून त्याला पिटाळतो. हा मासा बहुतेक वेळा सिक्लिड कुळातला असतो आणि तो आवडलेल्या माणसाचा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "माझ्याकडे दोन फुटी टँक आहे, त्यात हा राहील का?"

हे छोटं पुस्तक त्या प्रश्नासाठी लिहिलं आहे. पुण्यात तो विचारणारे बहुतेक जण फ्लॅटमध्ये राहतात आणि टँक पहिल्यांदाच लावत असतात. त्यांना दोन प्रकारची उत्तरं मिळतात. विकणारा म्हणतो, मासा टँकच्या मापानेच वाढतो, बिनधास्त न्या. जुना जाणता म्हणतो, सिक्लिड हे नवख्याचं काम नव्हे, आधी दोन वर्षं मॉली-प्लॅटी पाळा. पहिलं उत्तर चुकीचं आहे. लहान टँकमध्ये मासा खुरटतो खरा, पण साचत जाणाऱ्या स्वतःच्याच घाणीमुळे खुरटतो, आणि त्याचं आयुष्यही त्याबरोबर आखडतं. दुसरं उत्तर चांगल्या हेतूचं आहे, पण त्याने उत्साही माणूस या छंदापासून दुरावतो. ज्याला मुळात तापट मासाच हवा आहे त्याला मॉली देऊन भागत नाही. तो सहा महिन्यांनी कोणालाही न विचारता ऑस्कर नावाचा सिक्लिड घेऊन येतो.

माझं म्हणणं असं की टँकची लांबी आपल्या घराने आधीच ठरवलेली असते. ती मान्य करायची आणि मग त्या लांबीत पूर्ण वाढीनंतरही मोकळेपणाने राहू शकणारा सर्वांत तापट मासा निवडायचा. असे मासे आहेत, आपल्या बाजारात मिळतात, फार महागही नसतात. अडचण इतकीच की दुकानात ते त्यांच्या भावी आकाराने ओळखू येत नाहीत. दीड-दोन इंचांचं ऑस्करचं पिल्लू आणि तेवढंच कॉन्व्हिक्ट नावाच्या छोट्या सिक्लिडचं पिल्लू शेजारी ठेवलं तर नवखा माणूस ऑस्करच उचलेल, कारण ते जास्त देखणं दिसतं. वर्षभरात ऑस्कर फूटभर लांब होतो. दोन फुटी टँकची रुंदी साधारण एक फूट असते, म्हणजे या माशाला त्यात अंग दुमडल्याशिवाय वळताही येत नाही.

सिक्लिड हे कुळ प्रचंड मोठं आहे. आफ्रिका, मध्य आणि दक्षिण अमेरिका, मादागास्कर आणि भारत-श्रीलंकेत मिळून त्याच्या सतराशेच्या आसपास जाती शास्त्रज्ञांनी वर्णन केल्या आहेत आणि दरवर्षी त्यांत भर पडते आहे. भारताच्या मूळच्या जाती मात्र तीनच. त्यांतली कालुंदर कोकण-गोव्याच्या खाड्यांत मिळते आणि ताटातही येते. दुसरा नारिंगी क्रोमाइड हा जेमतेम तीन इंचांचा देखणा मासा, जो कालुंदरच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो. तिसरी जात कर्नाटकातल्या नद्यांपुरती आहे. पुणेकराच्या ओळखीचा सिक्लिड यांपैकी कुठलाच नाही. तो आहे भिगवणच्या बाजारातला चिलापी. टँकमधला डौलदार एंजलफिशसुद्धा याच कुळातला. कालुंदर, चिलापी, एंजल आणि ऑस्कर यांना एका घरचे म्हणवत नाही, पण एक गोष्ट त्या सगळ्यांत आहे: ते आपली अंडी आणि पिल्लं राखतात. चिलापीची मादी पिल्लं तोंडात सांभाळते, कालुंदरची जोडी पिल्लांभोवती पहारा देते. पिल्लं राखायची तर जागा हवी आणि जागा हवी तर शेजाऱ्याला हाकलणं आलं. ज्याला आपण माशाचा राग म्हणतो तो बराचसा इथून येतो.

म्हणून सिक्लिडचा तापटपणा मापताना नुसता मासा बघून चालत नाही, त्याच्या वाट्याला आलेला तळ बघावा लागतो. अमेरिकेतले संशोधक रोनाल्ड ओल्डफील्ड यांनी मायडास सिक्लिडवर केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. लहान, मोकळ्या टँकमध्ये ठेवलेली पिल्लं एकमेकांच्या अंगावर सतत धावून जात होती. टँक बराच मोठा केला आणि त्यात आडोसे ठेवले तेव्हा हल्ले स्पष्ट कमी झाले. ओल्डफील्ड घरगुती टँकमधल्या माशांचाच विचार करत होते, त्यामुळे त्यांचा निष्कर्ष आपल्या दिवाणखान्याला थेट लागू पडतो. लहान टँकमध्ये मासा दिवसभर भांडतो तेव्हा घरचे म्हणतात, काय मस्त अॅग्रेसिव्ह आहे! प्रत्यक्षात तिथे हरलेल्या माशाला पळून जायला जागाच नसते. नदीत अशी झुंज काही सेकंदांत संपते. हरलेला दोन-तीन मीटर लांब जातो आणि जिंकणारा मागे फिरतो. दोन फुटी टँकमध्ये ते दोन-तीन मीटर कुठून आणायचे?

कोनराड लोरेन्झ यांना प्राण्यांच्या वर्तनावरील कामासाठी १९७३ साली नोबेल मिळालं. त्याच्या दहा वर्षं आधी आक्रमकतेवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी सिक्लिडच्या जोड्यांचं एक निरीक्षण नोंदलं आहे. दोन जोड्या शेजारी ठेवून मध्ये काच घातली की नर काचेपलीकडच्या शेजाऱ्यावर राग काढतात आणि घरात जोडीदाराशी नीट वागतात. काचेवर शेवाळ चढलं आणि शेजारी दिसेनासा झाला की नर आपल्याच मादीच्या मागे लागतो. नवख्याला याचा उपयोग असा की जोडी पाळायची असेल तर तिच्याबरोबर पाण्याच्या वरच्या थरात पोहणारे चपळ मासे असावेत. त्यासाठी जायंट डॅनिओ उत्तम. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत त्याचे सख्खे भाऊबंद पोहतात. तो सिक्लिडच्या हाती लागत नाही आणि नराचं लक्ष मात्र बाहेर गुंतवून ठेवतो.

आता टँकच्या मापांकडे येऊ. आपल्याकडे टँक फुटांत विकला जातो, लिटरमध्ये नाही, आणि गैरसमज तिथेच सुरू होतो. २४ बाय १२ बाय १५ इंचांच्या दोन फुटीत काठोकाठ भरलं तर ७० लिटर पाणी बसतं. ३६ बाय १५ बाय १८ च्या तीन फुटीत जवळपास १६० लिटर, आणि ४८ बाय १८ बाय १८ च्या चार फुटीत २५५. लांबी दोनाची तीन झाली, पण पाणी दुपटीहून जास्त वाढलं. तळ दोन चौरस फुटांवरून पावणेचारावर गेला. सिक्लिडच्या दृष्टीने तळच महत्त्वाचा, कारण तो हद्द तळावर आखतो. उंच, अरुंद शोभेचे टँक या माशांना निरुपयोगी आहेत. ते कितीही स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका.

तीन फुटी टँक पाणी, काच आणि खडी धरून दोनशे किलोच्या आसपास जातो. भिंतीला लागून, पक्क्या लोखंडी स्टँडवर तो बहुतेक फ्लॅटमध्ये बसतो. टीव्हीच्या लाकडी कपाटावर ठेवायची कल्पना मात्र सोडून द्यावी. पुण्यातल्या वाचकाने आणखी एका गोष्टीचा हिशेब करावा. भाड्याच्या घराचा करार साधारण अकरा महिन्यांचा असतो आणि नीट सांभाळलेला ऑस्कर दहा वर्षं सहज जगतो. शिकायला किंवा नोकरीला आलेला मुलगा कर्वेनगरातून वाकडला आणि तिथून खराडीला घर बदलत असेल, तर दर वेळी पाच फुटी टँक तीन मजले उतरवणं त्याच्याने होत नाही. तीन फुटी टँक दोन माणसं रिकामा करून उचलू शकतात. माझी शिफारस तीन फुटांभोवती फिरते त्यामागे हे कारण मोठं आहे.

त्या तीन फुटांसाठी माझी पहिली पसंती कॉन्व्हिक्ट. राखाडी अंगावर काळे उभे पट्टे, म्हणून काही दुकानांत त्याला झेब्रा सिक्लिड म्हणतात. पांढरट-गुलाबी वाणही मिळतो. मध्य अमेरिकेतल्या ओढ्यांचा हा मासा. नर चार ते पाच इंच, मादी त्याहून लहान. मादीच्या पोटावर नारिंगी खवले असतात, नराच्या नसतात. माशांमध्ये बहुधा नर रंगीत असतो, इथे उलट आहे. पाण्याच्या बाबतीत तो फारसा चोखंदळ नाही, खायला मिळेल ते खातो आणि धाडस इतकं की टँकमध्ये हात घातला तर हातावर धावून येतो.

त्याची जोडी जमली की काय होतं ते जवळून बघण्यासारखं असतं. आडवी ठेवलेली मातीची कुंडी दोघं आतून तोंडाने घासून स्वच्छ करतात. कुंडीखालची वाळू तोंडात भरून हातभर लांब नेऊन टाकतात, सकाळी उठून बघावं तर टँकच्या एका कोपऱ्यात ढीग आणि कुंडीखाली खड्डा. मादी कुंडीच्या छताला अंडी चिकटवते आणि नर दारात उभा राहतो. सव्वीस-सत्तावीस अंश तापमानात तीन दिवसांत अंडी फुटतात. पिल्लांना अजून पोहता येत नसतं, त्यांची नुसती वळवळ चालू असते. मादी त्यांना तोंडात घेऊन आधीच खणलेल्या खड्ड्यात ठेवते आणि काही दिवसांत जागा बदलते. आठवड्याभरात पिल्लांचा ढग तळावरून पुढे सरकू लागतो. तेव्हा आई-बाप तळाशी अंग टेकवून पर जोरात फडफडवतात. गाळ उडतो, त्यातले बारीक कण पिल्लं टिपतात. पडलेलं पान उचलून बाजूला करण्यापर्यंत त्यांची मजल जाते. फूटभर अंतरावरून, रोजच्या खुर्चीत बसून हे दिसतं. चार हजारांच्या फ्लॉवरहॉर्न माशात ते दिसत नाही, कारण तो एकटाच ठेवावा लागतो.

दुसरी पसंती फायरमाउथ. मेक्सिकोच्या युकातान भागातला आणि ग्वाटेमाला-बेलीझचा मासा, लांबी पाच ते सहा इंच. गळ्यापासून पोटापर्यंत तांबडा रंग. शेजारी जवळ आला की तो कल्ल्यांची झाकणं उघडून गळा फुगवतो, त्या झाकणांवरचे काळे ठिपके डोळ्यांसारखे दिसतात आणि समोरून बघणाऱ्याला एकदम मोठं तोंड अंगावर आल्याचा भास होतो. चावण्यापेक्षा त्याचा भर या धाकावर जास्त. कॉन्व्हिक्टपेक्षा तो मवाळ आहे. म्हणूनच दोघांना एका तीन फुटीत ठेवू नये, फायरमाउथ मार खातो.

दोन फुटी टँकच असेल आणि तो बदलता येणार नसेल, तरीही निराश व्हायचं कारण नाही. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात शंखांत राहणारे दीड-दोन इंचांचे सिक्लिड आहेत. तळाला वाळू, त्यात माशांपेक्षा जास्त रिकामे शंख, एवढं दिलं की त्यांची वसाहत उभी राहते. हा बोटाच्या पेराएवढा मासा आपल्या शंखाच्या तोंडाशी ठाण मांडून बसतो आणि कितीही मोठ्या माशाला पिटाळायला कचरत नाही. त्याला कठीण, अल्कधर्मी पाणी लागतं. पश्चिम आफ्रिकेतला क्रिबेन्सिसही दोन-अडीच फुटांत सुखाने राहतो. तो एरवी शांत असतो आणि पिल्लं झाली की कडक होतो.

जॅक डेम्प्सी, ग्रीन टेरर, टेक्सास, रेड डेव्हिल, जॅग्वार ही नावं दुकानात भुरळ घालतात. जॅक डेम्प्सी हे तर १९१९ ते १९२६ या काळातल्या हेवीवेट विजेत्याचं नाव. यांतला सर्वांत लहान मासाही आठ इंचांच्या आसपास जातो, मोठे फुटाच्या पुढे. पहिल्या टँकसाठी यांतला एकही घेऊ नये. मलावी सरोवराच्या रंगीत माशांबद्दलही थोडं सावध राहावं. बरेचदा ते 'मिक्स आफ्रिकन' म्हणून एका पिशवीत मिळतात. कोणता किती मारकुटा हे त्यात कळत नाही आणि चार फुटांखाली त्यांची हाणामारी आवरत नाही.

मलेशियात १९९० च्या दशकात संकरातून तयार झालेल्या फ्लॉवरहॉर्नबद्दल मला वेगळं सांगावंसं वाटतं. कपाळावरचा उंचवटा भाग्याचा मानून तो आपल्याकडे घराघरांत आणि दुकानांच्या काउंटरवर आला. मासा हुशार आहे, मालकाला ओळखतो, हे खरंच. पण काउंटरवरच्या दीड-दोन फुटी काचेच्या डब्यात, वाळू नाही, आडोसा नाही, चोवीस तास दिवा चालू, अशा अवस्थेत फूटभर लांबीचा प्राणी वर्षानुवर्षं ठेवणं क्रूरपणाचं आहे. भाग्यासाठी मासा आणणाऱ्या घरांनी निदान त्याला चार फुटी टँक द्यावा.

पाण्याच्या बाबतीत पुणं एक शहर नाही. महापालिकेचं खडकवासला साखळीतल्या धरणांचं पाणी मऊ असतं. क्लोरीन काढून ते कॉन्व्हिक्ट-फायरमाउथला जसंच्या तसं चालतं. उपनगरांतल्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं, ते बरंच कठीण असू शकतं आणि उन्हाळ्यात टँकरगणिक बदलतं. शंखवासी आणि मलावीच्या माशांना हे कठीण पाणी मानवतं. म्हणून मासा निवडण्याआधी आपल्या नळाला कुठलं पाणी येतं ते विचारा, पन्नास-शंभर रुपयांच्या पट्टीने तपासा. दगडांचंही तेच. आपला काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही, सिंहगडाच्या पायथ्याचा धोंडा धुऊन घातला तरी चालतो. शहाबादी फरशीचा तुकडा मात्र चुनखडीचा. तो हळूहळू विरघळून पाणी कठीण करतो, आणि शंखवासी माशांना तेच हवं असतं.

हीटर लागतोच. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा रात्री कधी कधी दहाच्या खाली उतरतो आणि हे सगळे मासे उष्ण प्रदेशातले आहेत. तीन फुटीला दीडशे वॅटचा पुरतो. फिल्टर टँकच्या मापापेक्षा एक पायरी मोठा घ्यावा, कारण सिक्लिड खूप खातात आणि तेवढीच घाण करतात. टँक भरल्यावर त्यात जीवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. माशांनी टाकलेला अमोनिया हेच जीवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्यापेक्षा बऱ्याच कमी विषारी नायट्रेटमध्ये बदलतात. तोवर मासा आणू नये. पहिल्या प्रकरणात हे सविस्तर आहे, आणि ते वगळून पुढे जाऊ नये अशी विनंती आहे.

शेवटी एका गोष्टीवर हटकून बोलायला हवं, कारण ती टँकच्या बाहेरची आहे: नकोसा मासा नदी-तलावात सोडणं. दख्खनचा महाशीर शास्त्रीय नोंदीत पहिल्यांदा आला तो इथल्या मुळा-मुठेतून, कर्नल साइक्स यांच्या १८३९ च्या वर्णनात. १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत चिलापी असणं शक्यच नव्हतं, कारण हा आफ्रिकेतला सिक्लिड भारतात आला तो १९५२ साली, मत्स्यशेतीसाठी. तो इतक्या झपाट्याने पसरला की १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी घालावी लागली, पण तोवर तो तलावांत पोचला होता. आज उजनीच्या जाळ्यांत तो भरभरून सापडतो, आणि आता टँकमधला सकर मासाही त्याच जाळ्यांत येऊ लागला आहे. ऑस्ट्रेलियात पाळलेला कॉन्व्हिक्ट टँकमधून सुटून उघड्या पाण्यात रुजला आहे. आपल्याकडे पाषाण तलाव, कात्रज तलाव, मुठेचा घाट, सगळं हाकेच्या अंतरावर आहे आणि नकोसा झालेला मासा 'मोकळा' सोडणं अनेकांना पुण्याचं वाटतं. तो मासा तिथे जगला तर इथल्या माशांची अंडी आणि पिल्लं खातो. नाही जगला तर थंडीत हाल होऊन मरतो.

कॉन्व्हिक्ट घेताना हा विचार आधीच करावा लागतो, कारण त्याची एक वीण शंभराच्या पुढे जाते आणि जोडी दर महिना-दीड महिन्याला पुन्हा अंडी घालू शकते. पहिल्या विणीतली पिल्लं मित्रांना देऊन होतात. तिसऱ्या वेळी कोणी घेत नाही आणि दुकानदारही नको म्हणतो. तेव्हा पिल्लं वेगळी काढून जगवण्याचा अट्टहास करू नये. आई-बापांजवळच ठेवली तर डॅनिओ आणि पुढच्या विणीच्या वेळी खुद्द आई-बाप त्यांची संख्या कमी करतात. हे बघवणार नसेल तर जोडी घेऊच नये. पोटावर नारिंगी खवले नसलेला एकच नर निवडावा, सोबत सहा-आठ जायंट डॅनिओ द्यावेत. एकटा नरही कुंडी घासतो, वाळू उपसतो, काचेपाशी येऊन बघतो आणि टँकमध्ये हात घातला की हातावर धावून येतो.